सायकल : फिक्सची, फ्रीची आणि गिअरची



जून महिना उजाडला, शाळा उघडायचे दिवस आले, की नांदेडच्या नि लातूरच्या बाजारात सायकलीच्या दुकानांपुढे खेड्यापाड्यांतली माणसे उभी दिसतात. बरोबर आठवी-नववीतला मुलगा असतो, किंवा मुलगी असते. प्रश्न ठरलेला : "साधी घ्यावी, का गिअरची?" पोराच्या डोळ्यांत गिअरची भरलेली असते आणि बापाच्या हिशेबात साधीच बसत असते. त्यात अलीकडे पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुले तिसरेच नाव घेऊन येतात. ते नाव म्हणजे फिक्स. तिला म्हणे गिअर नाही आणि फ्रीसुद्धा नाही. पायडल चाकाला कायमचे जखडलेले. दिसायला सुटसुटीत, वजनाला हलकी.

आता यांतली कोणती चांगली, हे नुसते विचारून उत्तर मिळत नाही. नांगर कोणता चांगला, असे विचारल्यासारखे ते होते. जमीन कोणती, बैल कसे, हे आधी सांगावे लागते. या तिन्ही सायकली एकामागून एक का जन्मल्या आणि प्रत्येक वेळी कोणी विरोध केला, हे पाहिले म्हणजे आपला प्रश्न पुष्कळसा सुटतो. म्हणून आज थोडे मागे जाऊ.

पायडल असलेली सायकल प्रथम लोकांपुढे आली ती १८६० नंतरच्या दशकात, पॅरिस शहरी. मिशो नावाच्या कारागिराच्या कारखान्यात ती तयार होई. तिला साखळी नव्हती. लहान मुलांच्या तीनचाकीला असतात तसे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला लावलेले. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग वेग वाढवायचा कसा? तर चाकच मोठे करायचे. चाक वाढत वाढत पाच फुटांपर्यंत गेले. मागे एवढेसे चाक, पुढे हा मोठा रहाट, आणि त्यावर बसलेला गृहस्थ. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे : पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.८ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात ४.८ मीटर वाटचाल. याहून जास्त नको, कारण माणसाचे पायच तेवढे लांब! आणि समोर खड्डा आला की स्वार पहिला डोक्यावर.

१८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पायडल मधोमध आणि मागच्या चाकाला साखळी. मोठ्या चाकाचे काम आता दातेरी चक्रांच्या जोडीने केले. पुढे दाते जास्त, मागे कमी, म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन-अडीच फेरे. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टला डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. आज आपल्या दारात उभी असलेली सायकल ती हीच. सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

त्याच १८८८ सालाशी आपल्या मराठी मुलखातली एक गोष्ट जोडलेली आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. तिथून ते सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. नुसत्या विकीत नसत, गिऱ्हाइकाला बसायला शिकवण्याचाही धंदा चाले. ज्या किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पुढे आपल्या काळ्या रानात घरोघर पोचला, ज्यांची किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानात उभी राहिली, त्यांच्या धंद्याचे पहिले पाऊल हे असे दोन चाकांवर पडले.

पण शिकवायला पैसे मोजावे लागावेत, असे त्या सायकलीत अवघड काय होते? तर ती फिक्स होती. त्या काळी दुसरी सायकलच नव्हती. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार. पाय थांबवायचा म्हटले तर थांबवता येत नाही, उलट पायडलच पायाला फेकते. चढताना मागच्या आसाला बाहेर काढलेल्या दांड्यावर पाय ठेवून, सायकल ढकलत ढकलत वर उडी घ्यायची. उतार लागला की पायडल इतक्या जोराने फिरत, की स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्याला लावलेल्या खुंट्यांवर ठेवी आणि देवाचे नाव घेई. थांबवायचे कसे? पायांनी पायडल मागे दाबून. हाच ब्रेक. काहींना पुढच्या टायरवर दाबणारी एक पट्टी असे, पण तिचा भरवसा नसे.

आता इथे एक गंमत लक्षात घ्या. पाय थांबवण्याची युक्ती लोकांना माहीत नव्हती असे नाही. दातेरी चक्राच्या पोटात दोन छोट्या खिट्ट्या बसवायच्या, त्यांना बारीक स्प्रिंग. पुढे जोर लावला की खिट्टी दात्यात अडकते आणि चाक ओढते. पाय थांबला की ती दात्यांवरून घसरत टिक टिक करीत राहते. तीच ही आपली फ्री. कल्पना जुनी होती, पण चालेना, कारण फ्री बसवली की पायाचा ब्रेक गेला! हाताचा चांगला ब्रेक निघेपर्यंत फ्री म्हणजे मरणाला आमंत्रण होते. १९०० च्या आगेमागे कडीवर, म्हणजे रिमवर, दाबणारे ब्रेक चांगले निघाले आणि मगच फ्री घरोघर गेली. सांगायचा मुद्दा असा, की फिक्स ही कुणी विचार करून निवडलेली थोर वस्तू नव्हे. ब्रेकची सोय नव्हती तेव्हाचा तो नाइलाज होता.

तरीही फिक्सचे गुणगान करणारे आहेत, आणि ते अगदीच खोटे बोलत नाहीत. पाय आणि चाक एकजीव असल्याने तोल बारकाईने सांभाळता येतो, उभ्या जागी सायकल धरून ठेवता येते. सर्कशीतली सायकल मागे चालते ती फिक्स असते म्हणूनच. शर्यतीच्या बंद गोल मार्गावर, जसा १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीला बांधला तसा, आजही फिक्सच चालते आणि नियमानेच तिला ब्रेक नसतो. सगळेच फिक्सवर, सगळे एकाच दिशेने, समोरून बैलगाडी येण्याची भीती नाही. तिथे ती शोभते.

पण आपल्या रस्त्यावर? हिशेब करा. पुढे ४४ दाते, मागे १८, चाक २८ इंची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. उतारावर ताशी ४० किलोमीटरचा वेग आला तर फिक्सवर पायांना मिनिटाला १२० फेरे घ्यावे लागतील, सेकंदाला दोन! चपलेतला पाय निसटला, तर फिरते पायडल नडगीवर बसते. शिवाय आपला पोशाख. धोतराचा सोगा, मुलीची ओढणी, लुगड्याचा पदर साखळीत सापडला, तर फ्रीच्या सायकलीवर पाय थांबवता येतो. फिक्सवर चाक थांबेपर्यंत साखळी कापड ओढतच राहते. या एका कारणासाठीसुद्धा रोजच्या वापरातून ती वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या हौशी मुलांनी हौस जरूर करावी. पण निदान पुढचा ब्रेक तरी लावून घ्यावा.

फिक्सचा निकाल लागला. आता उरली फ्रीची साधी आणि गिअरची. हे भांडण जास्त रंगतदार आहे.

फ्रान्सात सेंट एतिएन म्हणून गाव आहे. तिथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ राहत. सायकलीविषयीचे मासिक चालवीत आणि व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहीत. सेंट एतिएनच्या भोवती डोंगर. रोज चढ चढून या माणसाच्या ध्यानात आले, की एकच दातेजोडी चढालाही आणि सपाटीलाही पुरायची नाही. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेता आली पाहिजे. त्यांनी गिअरचा ध्यासच घेतला. दुसऱ्या बाजूला उभे होते आंरी देग्राँज, ज्यांनी पुढे १९०३ साली फ्रान्सची ती जगप्रसिद्ध सायकल-शर्यत, तूर द फ्रान्स, सुरू केली. १९०२ मध्ये डोंगरी रस्त्यावर एक कसोटी झाली. मार्त एस नावाची एक बाई तीन गिअरची सायकल घेऊन उतरली आणि एका गिअरवरच्या नामांकित शर्यतपटूला तिने मागे टाकले. झाले! देग्राँज यांनी लिहिले, त्याचा मतलब असा, की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक आहेत. खऱ्या गड्याने स्नायूंच्या जोरावर जिंकावे, यंत्राच्या नव्हे.

आपल्याकडेही अशी माणसे भेटतात बरे का. पहिले विहिरीवरचे इंजिन आले तेव्हा मोट हाकणाऱ्या कोणी ना कोणी हेच म्हटले असेल.

देग्राँज यांचा शब्द त्यांच्या शर्यतीत चाले. म्हणून कित्येक वर्षे शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे लावीत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे करून बसवीत. साखळी सरकवणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली. अभिमानापायी पस्तीस वर्षे गेली म्हणायची. आज डोंगरातल्या मोठ्या शर्यतीत गिअरवाचून कोणी उतरत नाही.

इंग्लंडात याच सुमारास दुसरी वाट निघाली. रॅले कंपनीच्या नॉटिंगहॅम शहरात स्टर्मी-आर्चर यांचा तीन गिअरचा हब १९०२-०३ च्या सुमारास आला. यात साखळी सरकत नाही. मागच्या चाकाच्या आसाभोवती, डब्यात बंद, छोटी दातेरी चाके सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी फिरतात. १९३६ पासून निघालेला त्यांचा नमुना फार चालला. मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्शाने हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. चिखल-धूळ आत शिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. बिघडला तर उघडून बसवणारा कारागीर जवळपास लागतो, ही त्याची उणीव.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राजवटीत नांदेडला मनमाड-सिकंदराबादची रेल्वे १९०० च्या सुमारास आली आणि लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली पोचली. मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल याच वाटांनी आपल्याकडे येई. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि त्याच सुमारास देशात सायकलीचे कारखाने उभे राहू लागले. मुंबईची हिंद त्याआधीचीच होती. १९४९ साली मद्रासची टी. आय. सायकल्स स्थापन झाली, मग आसनसोलची सेन-रॅले, १९५१ साली सोनपतची ॲटलास, १९५६ साली लुधियान्याची हीरो. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता!) या सर्वांनी एकच घाट उचलला : २८ इंची चाक, जाड नळ्या, भक्कम कॅरिअर, दांड्यांचे ब्रेक आणि एकच गिअर, फ्रीचा. पोस्टमन, दूधवाला, तलाठी, गुरुजी, सगळे त्याच सायकलीवर. मास्तरांच्या सायकलीला गिअर का नाहीत, असे कोणी विचारले नाही. मोडली तर कुठल्याही गावच्या वडाखालचा पंक्चरवाला नीट करील, याची खात्री हवी होती. ती खात्री स्वस्तात मिळाली, पण तिची किंमत गुडघ्यांनी मोजली.

ती कशी, ते पाहा. पायडलचा दांडा साडेसहा इंचांचा धरला, तर एका फेऱ्यात पाय मीटरभर फिरतो आणि सायकल साडेपाच मीटर जाते. म्हणजे चाकाला एक किलोचा जोर द्यायचा तर पायाने सव्वापाच किलो दाबायला हवा. ही तरफच आहे, फक्त गोल फिरणारी. आता माणूस, सायकल आणि दुधाचे दोन कॅन मिळून शंभर किलो धरा. शंभर मीटरला चार मीटर उंची चढवणारा चढ लागला, तर नुसत्या चढापायी चार किलोची ओढ लागते. पायाने सतत एकवीस किलो दाबत राहायचे, आणि रस्त्याची नि वाऱ्याची अडवण वेगळीच! गिअर इथे काय करतो? तो जास्तीचा बैल जुंपत नाही, हे पक्के समजून घ्या. एका खेपेचे ओझे तो दोन खेपांत वाटून देतो. पाय हलके पडतात, पण फेरे जास्त घ्यावे लागतात आणि वेळ जास्त लागतो.

मग आपल्याला असे चढ आहेत कुठे? नांदेड गोदावरीकाठी. मुदखेड, बिलोलीकडच्या सपाट रस्त्यांवर गिअरचे काम क्वचितच पडेल. पण नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला निघा. बालाघाटची रांग लागते आणि लातूर नांदेडपेक्षा दीडशे मीटरहून अधिक उंच आहे. कंधारच्या बाजूला तसेच. माहूरगडाचे तर नावच नको. तिथे रेणुकामातेच्या पायथ्याशी भल्याभल्यांनी सायकल हातात धरली आहे. आणि न दिसणारा चढ म्हणजे वारा. पावसाळ्याच्या तोंडाशी उघड्या पठारावर पश्चिमेचा वारा सुटला, की सपाटीवरसुद्धा घाट चढल्यासारखे होते. समोरून येणारी हवा दुप्पट वेगाची झाली तर तिची अडवण चौपट होते.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ठरले, गिअरचीच घ्यावी. थांबा. आज बाजारात गिअरची म्हणून जी सायकल मिळते ती बहुधा साखळी सरकवणारी असते. तिचा नाजूक सांगाडा मागच्या चाकाच्या आसाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबत असतो. काळ्या मातीचा चिखल आपण जाणतो. साध्या सायकलीच्या मडगार्डात तो असा ठासून बसतो की काडीने कोरून काढावा लागतो. तो या बारीक चक्रांत गेला की साखळी उडू लागते. धुऱ्यावर सायकल आडवी पडली की सांगाडा वाकतो आणि एखादे वेळी आऱ्यांत जाऊन चाकच अडवतो. मग ती दुरुस्तीला तालुक्याला न्यावी लागते. पहिल्या पावसाळ्यानंतर एकाच गिअरवर गंजून अडकलेल्या अशा सायकली गावोगाव दिसतात. म्हणजे जादा पैसे दिले, जादा वजन घेतले आणि उरली साधीच, तीही कमकुवत.

यातून एक मधली वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून हे सगळे सांगत बसलो. गिअर नको, दाते बदला. मागच्या १८ दात्यांच्या फ्रीऐवजी २२ ची बसवली, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाचऐवजी साडेचार मीटर जाते. पायावरचा भार जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. तीन गिअरच्या हबाचा हलका गिअर तुम्हाला चार मीटरच्या वर थोडे नेतो. म्हणजे त्याच्या अगदी जवळ आपण नुसत्या फ्रीच्या किमतीत पोचलो. तोटा इतकाच, की मिनिटाला ६० फेऱ्यांनी सपाटीवर ताशी वीसऐवजी सोळा किलोमीटर पडतात. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर चार मिनिटे जास्त. जड ओझे नसेल आणि चढ बेताचे असतील तर २० दाते मधले.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळा दूर म्हणून जिचे शिकणे सुटले असते, अशा मुलीच्या वाटेतला एक चढ जड गेला आणि रोज तिथे उतरून ढकलत न्यावी लागली, तर चार-सहा महिन्यांत सायकल घरी उभी राहते. घरचे म्हणतात, पोरीला झेपत नाही. झेपत नाही ते दात्यांचे गणित. शिक्षकांनी वर्गातल्या सायकलींचे पुढचे-मागचे दाते मुलींनाच मोजायला लावावेत. भागाकार करून, परिघाने गुणून, कोणाची सायकल एका फेऱ्यात किती मीटर जाते हे फळ्यावर मांडावे. ज्यांचा रस्ता चढाचा त्यांचे आकडे वेगळे काढावेत.

ज्याला रोज वीस-पंचवीस किलोमीटर डांबरी रस्त्याने जायचे आहे, वाटेत घाट आहे आणि तालुक्याला गिअरचा कारागीर आहे, त्याने गिअरची खुशाल घ्यावी. पावसाळ्यात दर आठवड्याला मागचा सांगाडा धुऊन तेलाचा थेंब द्यावा. बाकीच्यांनी दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी मागचे दाते मोजावेत. दुकानदार १८ चीच काढून देईल, कारण तीच बसवून आलेली असते. २२ ची मागा. बहुतेक दुकानांत असते. ती बसवताना जुनी साखळी आखूड पडते, तेव्हा कड्यांची एक जोडी वाढवून घ्यावी लागेल, हे त्याला आधीच सांगा. आणि मागचे चाक पुन्हा कसताना ते चिमट्याच्या मधोमध आले आहे की नाही, ते हाताने एकदा फिरवून पाहा.